इंडोनेशिया इंग्रजीवर नाही, भिशीवर चालतो

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात इंडोनेशियावर लेख आला तो वाचला, मग परत एकदा वाचला, दुसऱ्यांदा संपेपर्यंत चहा गार झाला होता आणि डोकं गरम. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की इंडोनेशियानं इंग्रजी शाळा काढल्या, परदेशी युनिव्हर्सिट्यांना बोलावलं, स्टार्टअप वाढवले आणि त्या जोरावर तो देश ग्लोबल झाला. लेखाखाली बारीक अक्षरात लिहिलंय की ते तिकडं एका कॉन्फरन्सला गेले होते. मी ११ वर्षं होतो. १९९६ ते २००७, पश्चिम जावात, पुर्वाकार्ताजवळ एका सूतगिरणीत, स्पिनिंग खात्यात. नंतरही जाणंयेणं राहिलं, जुन्या लोकांचे फोन अजून येतात. म्हणून लिहितोय. लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

आधी इंग्रजीचं बघू. आमच्या गिरणीत इंग्रजी येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यातले निम्मे आम्ही इंडियावाले. बाकी सगळा कारभार बहासा इंडोनेशियात, म्हणजे इंडोनेशियन भाषेत. कामगार पोरी आपापसात सुंदानीज बोलायच्या, मेंटेनन्सचा फोरमन मध्य जावाचा म्हणून घरी जावानीज, इलेक्ट्रिशियन सुमात्राचा बाताक, स्टोअरवाला पादांगकडचा, अकाउंटवाले चिनी वंशाचे, आणि हे सगळे शिफ्टला आले की एकच भाषा. धागा तुटला की पोरगी रिंगफ्रेमवरून, म्हणजे सूत काढायच्या मशीनवरून, ओरडायची "पुतुस, पा!" म्हणजे तुटला साहेब, आणि तीन महिन्यांत मीही त्याच भाषेत शिव्या द्यायला लागलो (चांगलं बोलायलाही शिकलो, पण ते नंतर).

ही भाषा त्यांना अशीच नाही मिळाली. २८ ऑक्टोबर १९२८ ला बटाव्हियात, म्हणजे आत्ताच्या जकार्तात, डचांचं राज्य असताना तरुण पोरांनी शपथ घेतली की देश एक, राष्ट्र एक आणि भाषा इंडोनेशियन. आता जावानीज लोक तिथं सगळ्यात जास्त, आजसुद्धा दहातले चार तेच, दरबार त्यांचा, जुनं साहित्य त्यांचं, तरी आमचीच भाषा सगळ्यांनी बोला असा हट्ट त्यांनी धरला नाही. घेतली ती मलय, जी बंदराबंदरांत शेकडो वर्षं चालत आलेली, ज्यात अरब, गुजराती, चिनी, बुगीस सगळे भावताव करायचे. म्हणजे मूळची बाजारभाषा राष्ट्रभाषा झाली. जावानीजमध्ये समोरचा थोर की लहान यावर शब्दच बदलतात, मालकाशी वेगळे आणि नोकराशी वेगळे, बाजारातल्या मलयमध्ये एवढी भानगड नाही, त्यामुळं धंद्याला सोयीची आणि शाळेलाही. आपल्या कानाला तर ओळखीचीच. गुरू म्हणजे गुरूच, शाळेतला विद्यार्थी सिस्वा, नफ्याला लाबा म्हणतात तो आपला लाभ, आणि धंद्याला शब्द आहे उसाहा, तो मूळचा संस्कृत उत्साह! हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर एकटाच हसत होतो.

आता धंद्याचं. लेखातली चकाचक नावं ठीक आहेत, पण तिथल्या सरकारचाच आकडा असा की देशातले ९७ टक्के कामकरी लोक छोट्या आणि मधल्या धंद्यांत आहेत, आणि असे धंदे साडेसहा कोटींच्या आसपास. यांना कुठल्या एमबीए कॉलेजनं शिकवलं? एकेका गावानं, एकेका समाजानं आपापली रीत बसवलीय, आणि ती रीत बघण्यासारखी आहे.

जकार्तात गल्लोगल्ली वारतेग दिसतात, म्हणजे वारुंग तेगाल, मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या तेगालच्या लोकांच्या खानावळी. काचेचं कपाट, आत वीसेक भाज्या, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), अंडी, मासे, समोर लांब बाकडं, बोट दाखवायचं आणि खायचं, मालकीणबाई तोंडी हिशोब करून मोकळी. पुष्कळ वारतेग दोन नातेवाईक कुटुंबं मिळून चालवतात. एक कुटुंब तीन-चार महिने जकार्तात दुकान चालवणार, मग गावाकडं शेती बघायला जाणार, तोवर दुसरं कुटुंब येऊन तेच दुकान हातात घेणार. गिऱ्हाईक तेच, चव तीच, गल्ला ज्याच्या-त्याच्या पाळीचा. आम्ही गिरणीत तीन शिफ्टचं रोटेशन लावताना रडकुंडीला यायचो आणि ही माणसं कागदाच्या चिटोऱ्याशिवाय वर्षानुवर्षं शिफ्ट बदलतायत.

दुसरे मिनांगकाबाऊ, पश्चिम सुमात्राचे. कट्टर मुसलमान समाज, पण घर आणि जमीन आईकडून मुलीकडं जाते. मुलांनी काय करायचं? बाहेर पडायचं. त्याला मेरांताऊ म्हणतात, घर सोडून परमुलखात जाणं, शिकणं, कमावणं, आणि नाव काढून परत येणं. पूर्वी वयात आलेला मुलगा आईच्या घरात झोपायचाही नाही, सुराऊमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या मशिदीत झोपायचा, तिथंच शिकायचा. यातूनच मोहम्मद हट्टा निघाले, जे पुढं रॉटरडॅमला जाऊन अर्थशास्त्र शिकले, देशाचे पहिले उपराष्ट्रपती झाले आणि ज्यांना तिकडं सहकाराचा बाप म्हणतात. आणि यातूनच देशाच्या कानाकोपऱ्यात पादांग जेवणाची (पादांग हे पश्चिम सुमात्राचं मुख्य शहर) हॉटेलं निघाली. त्यातल्या जुन्या हॉटेलांत पगाराची पद्धतच नाही, मातो म्हणून पद्धत आहे. साधारण शंभर दिवसांनी नफा काढायचा आणि आचारी, वाढपी, भांडी घासणारा, प्रत्येकाच्या कामाचे पॉइंट ठरलेले असतात त्याप्रमाणं वाटायचा. नफा कमी तर सगळ्यांनाच कमी. आमच्या स्टोअरवाल्याचा मामा असंच एक हॉटेल चालवायचा, त्यानं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं की हिशोबात कोणी गडबड केली तर? तो म्हणाला, मग तो गावाला कुठल्या तोंडानं जाईल?

मादुराच्या, म्हणजे जावाजवळच्या बेटावरच्या लोकांची किराणा दुकानं चोवीस तास उघडी. तिकडं जोक आहे की मादुरावाल्याचं दुकान फक्त कयामतच्या दिवशी बंद, तेही अर्धं शटर.

आणि भिशी. हो, आपली भिशी. तिकडं तिला आरिसान म्हणतात. गल्लीतल्या बायका, ऑफिसातल्या बायका, गिरणीतल्या पोरी, श्रीमंत मॅडम, सगळ्यांची आरिसान. नावांच्या चिठ्ठ्या गुंडाळून ग्लासात टाकायच्या, वर भोक पाडलेलं झाकण लावायचं आणि हलवायचं, जी चिठ्ठी बाहेर पडेल तिचा नंबर. १९९७ च्या मध्यावर डॉलरला २४०० च्या आसपास रुपिया होता, १९९८ मध्ये तो १६ हजारांच्या पुढं गेला. आमची कापसाची गाठ बाहेरून यायची, ती डॉलरमध्ये, पगार रुपियात, अर्ध्या मशीन बंद. तांदूळ, तेल, दुधाची पावडर, सगळं भडकलेलं. त्या वर्षी आमच्या खात्यातल्या पोरींनी आरिसान मोडली नाही, पैशाऐवजी तांदळाची केली. प्रत्येकीनं थोडा थोडा तांदूळ आणायचा आणि जिची चिठ्ठी तिनं पोतं घरी न्यायचं. पहिली चिठ्ठी जिची निघाली तिनं स्वतःचा नंबर एका बाळंतिणीला दिला. तुमचे लेखक ज्याला सोशल कॅपिटल म्हणतात (लेखात चारदा आलाय शब्द) ते मी पोत्यात भरलेलं बघितलंय.

शिक्षणाकडं येतो, कारण लेखातला सगळ्यात कच्चा भाग तोच. वाचून असं वाटतं की तिकडं शिक्षण परवा परवा परदेशी कॅम्पस आले तेव्हा सुरू झालं. जकार्ताच्या बाजूला बीएसडी या नव्या वसाहतीत ऑस्ट्रेलियाची मोनाश युनिव्हर्सिटी २०२१ मध्ये आली हे खरं, पहिला परदेशी कॅम्पस तोच, पण २८ कोटींच्या देशात तिथं किती पोरं शिकणार?

त्याच्या सव्वाशे वर्षं आधीची एक मुलगी सांगतो. कार्तिनी, जन्म २१ एप्रिल १८७९, मध्य जावातलं जेपारा. बाप मोठा अधिकारी, तरी बारा वर्षांची झाल्यावर रिवाजाप्रमाणं शाळा बंद, घरात कोंडली. तिनं घरातून हॉलंडच्या मैत्रिणींना डच भाषेत पत्रं लिहिली आणि त्यातल्या एका पत्रात लिहिलंय की दहा-अकरा वर्षांची असताना तिनं पेपरात पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला, की म्हणजे फक्त गोऱ्या बायकांनाच नाही, आपल्यासारख्या सावळ्या बाईलाही स्वतंत्र होता येतं! आपल्या रमाबाई जावातल्या एका कोंडलेल्या मुलीपर्यंत पोचल्या होत्या, हे आपल्याकडं किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला गिरणीतल्या एका क्लार्कनं सांगितलं तेव्हा लाज वाटली. कार्तिनीनं मुलींसाठी शाळा काढली, आणि नुसती शाळा नाही, जेपाराच्या लाकडावर नक्षी कोरणाऱ्या कारागिरांना ऑर्डरी मिळवून दिल्या, त्यांचा माल बटाव्हिया आणि हॉलंडपर्यंत पोचवला. १९०४ मध्ये बाळंतपणानंतर चार दिवसांत गेली, वय पंचवीस. शिक्षण, कारागीर आणि परदेशी बाजार हे तीन धागे त्या मुलीनं हातात घेतले होते, आणि ग्लोबलायझेशन हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

बाटिकवाल्यांचंही तसंच. योग्याकार्ताचे अहमद दाहलान मशिदीत धर्म सांगायचे आणि पोटापाण्याला बाटिकचा व्यापार करायचे. त्यांनी घरातच बाकं आणि फळा लावून शाळा सुरू केली, धर्मासोबत गणित-भूगोल, लोक म्हणाले हे तर गोऱ्यांसारखं झालं. १९१२ मध्ये मुहम्मदिया ही मुसलमानांची संघटना काढली, आज तिच्या हजारो शाळा, दीडशेच्या वर युनिव्हर्सिट्या-कॉलेजं आणि दवाखाने. तिकडं पूर्वेच्या ख्रिश्चन भागात कुपांगला, सोरोंगला त्यांच्या कॉलेजात बहुतेक पोरं ख्रिश्चन असतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग सरकार. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, इंडोनेशियाकडं पैसा आला, आणि राष्ट्रपतींच्या हुकमानं, म्हणून त्या शाळांना इनप्रेस म्हणतात, पाचेक वर्षांत ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. तेव्हाचे राष्ट्रपती सुहार्तो, त्यांच्या हुकूमशाही राज्याबद्दल बोलावं तेवढं वाईट कमी आहे, पण हे काम झालं. एस्थर डुफ्लो यांनी याच शाळांचा अभ्यास करून दाखवलं की जिथं शाळा जास्त झाल्या तिथली पोरं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांचा पगारही वाढला. डुफ्लो म्हणजे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्या, अभिजित बॅनर्जींच्या पत्नी (अभिजित यांच्या आई मराठी, हे जाता जाता). माझ्या हाताखालचे बरेच कामगार याच शाळांतले. लिहिता-वाचता यायचं, मशीनचं मॅन्युअल बहासात करून दिलं की रात्रीत वाचून यायचे. गिरणी त्यावर चालली. इंग्रजीवर नाही.

आता म्हणाल सगळं गोडच लिहितोय. नाही. घटनेत २००२ मध्येच लिहून ठेवलंय की बजेटचा २० टक्के पैसा शिक्षणाला, पण पंधरा वर्षांच्या पोरांची देशोदेशी जी पिसा परीक्षा होते, तिच्यात २०२२ मध्ये तिथली पोरं गणितात ३६६ वर, जेव्हा श्रीमंत देशांची सरासरी ४७२. मुलं शाळेत जातात, बसतात, पण येत किती? आणि सगळ्यात मोठी थट्टा म्हणजे एसेमका, त्यांच्या धंदेशिक्षणाच्या शाळा. नोकरी मिळावी म्हणून काढलेल्या, आणि सरकारी बेकारीच्या आकड्यात वर्षानुवर्षं सगळ्यात वर याच शाळांतून निघालेली पोरं. माझ्याकडं ट्रेनी यायचे, शाळेत जुन्या मशीनवर शिकलेले, कित्येकांनी ऑटोकोनर, म्हणजे सूत गुंडाळायचं ऑटोमॅटिक मशीन, फक्त चित्रात बघितलेलं. वारतेगवालीची मुलगी आईकडून जो हिशोब शिकते तो शाळेत कोणी शिक्षण मानत नाही, आणि शाळेत जे शिकवतात ते बाजारात कोणी मागत नाही. दोन्हीच्या मधे दरी पडलीय, बाहेरचा पूर आला की पाणी तिथूनच शिरतं.

जेपाराचंच बघा. १९९८ मध्ये रुपिया पडला तशी जेपाराच्या सागवानी फर्निचरला परदेशात झुंबड उडाली, प्रत्येक अंगणात करवत चालू. मग युरोपनं म्हटलं लाकूड कायदेशीर आहे याचा दाखला दाखवा. म्हणणं बरोबर आहे, जंगलं तुटतच होती, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये असा परवाना देणारा जगातला पहिला देश इंडोनेशियाच झाला. पण दाखल्याचे कागद भरायचे कोणी? नक्षीवाल्याच्या हातात छिन्नी, त्याला फॉर्म कोण भरून देणार, ज्याच्याकडं ऑफिस आणि ऑडिटला पैसा तो पुढं गेला. कार्तिनी असती तर तिनं त्यांचे फॉर्म भरले असते असं मला उगाच वाटतं.

तानाह आबांग हे जकार्तातलं कापडाचं अवाढव्य मार्केट, तिथं मिनांगकाबाऊ व्यापाऱ्यांचा दबदबा. २०२३ मध्ये ते रडायला लागले की टिकटॉकवर लाइव्ह करून लोक इतक्या स्वस्तात कपडे विकतायत की दुकानात कुत्रं फिरकत नाही. सरकारनं नियम काढला, ४ ऑक्टोबरला टिकटॉक शॉप बंद. बंद किती दिवस? डिसेंबरात टिकटॉकनं तोकोपेडिया या तिथल्याच ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचा ७५ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि १२ तारखेला दुकान परत चालू. तुमच्या लेखात तोकोपेडिया हे 'स्वदेशी यशाचं उदाहरण' म्हणून आलंय म्हणून मुद्दाम सांगतो.

मोटरसायकल-टॅक्सीचं ॲप गोजेक, त्याचंही अर्धंच सांगितलंय. २०१० मध्ये नादिम मकारिम यांनी वीस मोटरसायकलवाले आणि एक कॉल सेंटर घेऊन सुरुवात केली, २०१५ ला ॲप आलं, हे खरं. पण ओजेक म्हणजे मोटरसायकलवर भाडं मारणं हा धंदा आधीपासून होता, प्रत्येक नाक्यावर त्यांचा अड्डा, पाळी ठरलेली, आजारी पडला तर अड्ड्यावर वर्गणी. ॲप आल्यावर अड्डेवाल्यांनी 'गोजेकला बंदी' असे बोर्ड लावले, मारामाऱ्या झाल्या, शेवटी बहुतेकांनी हिरवं जॅकेट घातलं. भाडी जास्त मिळायला लागली, गिऱ्हाइकाला सोय झाली, मान्य, पण पाळी आता फोन ठरवतो. पुढं हेच नादिम २०१९ मध्ये शिक्षणमंत्री झाले, राष्ट्रीय परीक्षा बंद केली (ते मला पटलं होतं), नंतर शाळांच्या लॅपटॉप खरेदीवरून २०२५ मध्ये अटक झाली, आरोप त्यांना मान्य नाहीत, तो विषय कोर्टाचा.

माझ्या स्वतःच्या लाइनीचं लिहिताना हात जड होतो. सोलोजवळ सुकोहार्जोला स्रीटेक्स ही प्रचंड मोठी कापड कंपनी, नाटोच्या सैन्याचे युनिफॉर्म शिवणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टानं दिवाळखोर ठरवली, १ मार्च २०२५ ला बंद, दहा हजारांवर कामगार रमजानच्या तोंडावर घरी. कर्ज हे कारण आहेच, पण बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडानं आधीच सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. तिकडं रिंगफ्रेमवर वीस वर्षं काढलेली बाई उद्या काय करणार याचा कुठल्या स्टार्टअपनं विचार केलाय?

आता भाषेतलीच एक गंमत, कडू आहे. १९६६-६७ मध्ये सुहार्तोच्या काळात चिनी शाळा बंद केल्या, चिनी सण उघड्यावर करायला बंदी, नावंसुद्धा बदलायला लावली. आमच्या अकाउंटंटची आई घरात होक्कियन ही चिनी बोली बोलायची पण खिडकी लावून. २००० मध्ये गुस दुर राष्ट्रपती असताना ती सणांवरची बंदी उठली, २००३ पासून चिनी नववर्षाला सुट्टीही मिळते. आणि आज? २०२० पासून कच्चं निकेल बाहेर पाठवायला बंदी आहे, चिनी कंपन्यांनी सुलावेसीत मोरोवालीला भट्ट्या टाकल्यात, आणि नोकरीच्या जाहिरातीत मँडरिन येणाऱ्याला प्राधान्य. अकाउंटंटचा मुलगा, ज्याला आजीची भाषा कधी शिकवली नाही, तो आता फी भरून मँडरिनच्या क्लासला जातो. त्याच मोरोवालीत २४ डिसेंबर २०२३ ला भट्टीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, त्यात इंडोनेशियनही होते आणि चिनीही.

बाहेर गेलेल्या बायकांबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नाही. हाँगकाँगमध्ये लाखावर इंडोनेशियन बायका घरकामाला आहेत, रविवारी सुट्टीच्या दिवशी व्हिक्टोरिया पार्कमध्ये चटया टाकून बसतात, डबे, गप्पा, आरिसान तिथंही. आमच्या खात्यातली एक पोरगी, इंद्रामायूची, २००३ मध्ये कामावरून कमी केल्यावर तिकडं गेली. म्हाताऱ्यांची सेवा करता करता तिनं उनिवर्सितास तेर्बुका, म्हणजे १९८४ मध्ये निघालेली तिथली मुक्त युनिव्हर्सिटी, तिच्या तिकडच्या केंद्रातून मॅनेजमेंटची पदवी घेतली. रविवारी परीक्षा द्यायची आणि सोमवारी परत डायपर बदलायची. आता गावात परत येऊन तिनं खारवलेल्या अंड्यांचा धंदा टाकलाय, मागच्या ईदला फोन केला तर म्हणाली "पा, मोडाल आहे, गिऱ्हाईक आहे, फक्त मुलगी ऐकत नाही, तिला जकार्तात ऑफिसात बसायचंय." मोडाल म्हणजे भांडवल. मी काय बोलणार, माझा पण नातू ऐकत नाही.

जाता जाता एक दुरुस्ती तेवढी छापा. तुमच्या लेखात तीन ठिकाणी 'बहासा भाषा' असं आलंय. बहासा म्हणजेच भाषा. तुम्ही 'भाषा भाषा' छापलंय.

आपला एक जुना वाचक,
(पूर्वी मुक्काम पुर्वाकार्ता)